बैत जनला ड्रूझ मित्राकडे लग्नाला चाललोय. तिथली तरुण मुलं कशी राहतात?

नवखा_हैफाकर

मंडळी, मी इस्रायलमध्ये हैफाला तेखनियोन या तंत्रविद्यापीठात पोस्टडॉक करतोय. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा ड्रूझ आहे, म्हणजे अरबी बोलणाऱ्या एका छोट्या धर्मसमुदायातला, वरच्या गॅलिलीतल्या बैत जन गावचा. त्याच्या चुलतभावाचं लग्न आहे आणि त्याने मला शनिवार-रविवार घरी राहायलाच बोलावलंय.

हा मुलगा चारचौघांसारखाच. हाफ पँट, कानात हेडफोन, दिवसभर कोड लिहितो. फोटोत मात्र त्याची आजी डोक्यावरून पांढरं वस्त्र ओढून बसलेली, आणि आजोबा काळ्या ढगळ सलवारीत, डोक्यावर पांढरी गोल पगडी. शोधाशोध केली तर जिकडेतिकडे एकच वाचायला मिळालं : गुप्त धर्म, गुप्त ग्रंथ, पुनर्जन्म. त्याला थेट विचारावं तर आगाऊपणा होईल असं वाटतं. त्या गावातली विशी-पंचविशीची मुलं-मुली कशी जगतात, त्यांना काय हवंय, हे कुणाला जवळून माहीत आहे का? तिथे काय विचारावं, काय टाळावं?

---

रात्रपाळी

मी सांगते. गॅलिलीतल्या एका इस्पितळात परिचारिका आहे, बरीच वर्षं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मराठी घरातून आली, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला. आमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त मुली ड्रूझ आणि अरब आहेत. बैत जनच्याच एकीबरोबर मी इतक्या रात्री काढल्यात की तिच्या घरची भांडणं मला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ आहेत.

पहिलं म्हणजे ते गुप्त ग्रंथाचं डोक्यातून काढून टाका. तुमचा मित्र तुमच्यापासून काही लपवत नाहीये, बहुतेक त्यालाच ते माहीत नाही. ड्रूझांमध्ये धर्माची दीक्षा घेतलेले ते उक्काल आणि न घेतलेले ते जुह्हाल. ग्रंथ वाचायचा हक्क उक्काल मंडळींचाच. गुरुवारी रात्री ते खलवेत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, जमतात. न घेतलेल्यांना थोडा वेळ बसता येतं, पुढचं वाचन सुरू झालं की उठावं लागतं. तरुण पोरांतली बरीचशी दीक्षा न घेतलेलीच असतात. पुढे चाळिशीत एखाद्याला वाटलं तर तो दारू-सिगारेट सोडतो, डोकं भादरतो, मिशा राखतो आणि शेखांकडे, म्हणजे धर्मातल्या वडीलधाऱ्यांकडे, जातो. बायकांना दीक्षा त्या मानाने लवकर मिळते, म्हणून एकाच घरात आई पांढऱ्या नकाबमध्ये आणि बाप जीन्समध्ये हे दृश्य अगदी नेहमीचं. त्या घरातला जावई बिअर पीत असेल, तर सासूबाईंसमोर नाही, इतकंच.

बाहेरून कुणी या धर्मात येऊ शकत नाही. अकराव्या शतकात कैरोला फातिमी खलिफा अल-हाकिमच्या काळात, १०१७ साली ही हाक दिली गेली आणि १०४३ मध्ये दार बंद झालं. ते आजतागायत बंदच आहे. जन्माने ड्रूझ तोच ड्रूझ, आणि आई-बाप दोघेही ड्रूझ हवेत. आता एवढंसं वाक्य एखाद्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या अंगावर कसं येतं ते ऐका. माझी सहकारी, जिच्याबद्दल सांगतेय ती, हैफात एका ट्रेनिंगला होती. तिथल्या एका मुलाने तिला कॉफीला विचारलं. चांगला मुलगा, ख्रिश्चन अरब. तिने तिथल्या तिथे नाही म्हटलं. मी म्हटलं, अगं कॉफीच तर होती. तर म्हणाली, "कॉफी आवडली असती म्हणूनच नाही म्हटलं." बाहेर लग्न केलं की घर सुटतं, गाव सुटतं, आईच्या अंत्यविधीलाही उभं राहता येत नाही. तेव्हा ही पोरं दार उघडण्याआधीच कडी लावायला शिकतात. जगभरात यांची संख्या दहा लाखांच्या आसपास, इस्रायलमध्ये दीड लाखाच्या आसपास. त्यातून तुमच्या वयाचा, शिकलेला, नात्यात न बसणारा जोडीदार शोधायचा. सगळ्या ग्रुपवर सगळे एकमेकांना आधीच ओळखतात, असं ती वैतागून सांगते.

पण एक गोष्ट बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. ड्रूझ पुरुषाला दुसरी बायको करता येत नाही. घटस्फोट बाईसुद्धा मागू शकते, आणि एकदा झाला की त्याच जोडप्याला पुन्हा लग्न करता येत नाही. त्यामुळे रागाच्या भरात कुणी तो शब्द तोंडातून काढत नाही.

मुलींच्या शिकण्याचं म्हणाल तर एका पिढीत सगळं उलटंपालटं झालंय. हिच्या आईची शाळा आठवीला सुटली. हिने त्सफातच्या कॉलेजात नर्सिंग केलं, पण पहिलं वर्षभर बाप रोज सकाळी गाडीने सोडायचा आणि दुपारी फाटकाशी उभा असायचा. पाळत ठेवायला नव्हे हो, गावात कुणी "पोर एकटी फिरते" म्हणू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी तिने लायसन्स काढलं तेव्हा घरात महिनाभर अबोला. दीक्षा घेतलेल्या बाईने गाडी चालवू नये, असं शेख मंडळी म्हणत आलीत, म्हणून हिने दीक्षाच घेतली नाही. आता तिच्या आईला डॉक्टरकडे, मावशीला लग्नांना, सगळ्यांना नेणारी ड्रायव्हर हीच. आज ड्रूझ विद्यार्थ्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. दालियत अल-कर्मेलची घदीर मरीह २०१९ मध्ये क्नेसेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, निवडून आलेली पहिली ड्रूझ बाई. त्याआधी ती टीव्हीवर हिब्रू बातम्या द्यायची. आमच्या वॉर्डातल्या मुली तिच्या राजकारणावर कचाकचा भांडतात, पण तिचं नाव निघालं की मान ताठ होते.

आणि बैत जनला जाताय तर हे माहीत असू द्या की ते गाव शाळेच्या निकालासाठी नावाजलेलं आहे. डोंगरावर, साडेनऊशे मीटरच्या आसपास उंचीवर, जवळ मोठं शहर नाही, आणि तिथली पोरं बगरुतला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, भल्याभल्या शहरांना मागे टाकतात. कारण विचारलं तर शिक्षक शिस्तीचं भाषण देतील. माझ्या सहकारीच्या भावाचं कारण सरळ आहे : "शेती करायला जमीन ठेवलीय कुठे?"

आता खऱ्या मुद्द्यावर येते. बाहेरचा माणूस यांना पुनर्जन्माबद्दल विचारतो. ही पोरं आपसात बोलतात घराच्या परवान्याबद्दल.

रीत अशी की मुलाने घर उभं केल्याशिवाय लग्न नाही. भाड्याचं चालत नाही, दुसऱ्या गावात चालत नाही. आई-बापाच्या छतावर पुढचा मजला, किंवा त्याच अंगणात वेगळं. मागणी घालायला गेलं की मुलीकडचे कॉफी देतात, हवापाण्याचं विचारतात आणि मग हळूच : घर कुठपर्यंत आलंय? ड्रूझ गावांतून फिरलात तर दिसेल, जिकडेतिकडे छतावर लोखंडी सळया उभ्या. तो धाकट्याचा मजला असतो.

आणि बांधायचं कुठे? बैत जनची बरीचशी जमीन मेरोन पर्वताच्या राखीव वनक्षेत्रात गेलीय. आजोबांच्या नावावर कागद आहेत, पण नातवाला तिथे विटेवर वीट ठेवता येत नाही. बाकी गावांत आराखडेच वर्षानुवर्षं लटकलेले. १९४८ नंतर ड्रूझांसाठी एकही नवं गाव वसलं नाही. मग पोरं परवान्याशिवाय बांधतात. २०१७ मध्ये बांधकामाचा कायदा कडक झाला, तेव्हापासून दंडाचे आकडे ऐकून छाती दडपते. माझ्या सहकारीचा भाऊ सत्तावीस वर्षांचा. सैन्यात तीन वर्षं काढून आला, मग दिवसा वीजजोडणीची कामं आणि रात्री इंजिनियरिंगचे वर्ग. साखरपुडा होऊन बसलाय. भिंती उभ्या आहेत, परवाना नाही म्हणून विजेचं मीटर मिळत नाही. काकांच्या घरून वायर ओढलीय. लोकांच्या घरात वीज देणाऱ्या पोराच्या स्वतःच्या घरात उसनी वीज! तो हे हसत सांगतो, त्याची होणारी बायको हसत नाही.

तेव्हा मित्राला विचारायचं असेल तर हे विचारा : तुझं घर कुठपर्यंत आलंय? संध्याकाळभर बोलेल. फक्त त्याच्या आईसमोर विचारू नका, ती लगेच तुमच्यादेखतच त्याच्या लग्नाचा विषय काढेल.

पुनर्जन्माबद्दल काही विचारायची गरज नाही, ते आपोआप निघतं. त्यांच्या लेखी माणूस गेला की त्याच क्षणी आत्मा कुठल्यातरी ड्रूझ बाळात जन्म घेतो. म्हणून थडग्यांवर नावं घालायची, तिथे जाऊन बसायची पद्धत नाही. आणि बोलायला लागलेलं मूल कधीकधी मागच्या घराबद्दल सांगू लागतं. माझ्या सहकारीचा मामेभाऊ तीन वर्षांचा असताना दुसऱ्या गावातल्या एका घराबद्दल, तिथल्या विहिरीबद्दल बोलायला लागला. घरच्यांनी शोध घेतला, त्या गावी अपघातात गेलेल्या एका तरुणाची आई भेटली. आज हा मुलगा पंचवीसचा आहे आणि प्रत्येक ईदला दोन घरी जातो. त्याच्या साखरपुड्यात दोघी आया शेजारी बसल्या होत्या. मी विज्ञान शिकलेली बाई, माझं मत मला आहे. पण त्या दुसऱ्या आईचा चेहरा पाहिल्यावर मत मांडायला मी तोंड उघडलं नाही, तुम्हीही उघडू नका.

---

जुना_फौजी

रात्रपाळीताईंनी सैन्याचा विषय एका वाक्यात उरकला, तो एवढा छोटा नाही. मी ड्रूझ पोरांबरोबर नोकरी केलीय.

१९५६ पासून ड्रूझ पुरुषांना सैन्यभरती सक्तीची आहे. मुलींना नाही, धार्मिक मुलांनाही सूट. त्या वेळच्या पुढाऱ्यांनी केलेला हा करार, आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना वेगळा धर्मसमुदाय म्हणून मान्यता दिली. त्यांची एक वेगळी पलटण होती, हेरेव नावाची. २०१५ मध्ये ती मोडली, कारण पोरांनाच वेगळं राहायचं नव्हतं, सगळ्यांच्यात मिसळायचं होतं. त्यांच्यात सैन्य म्हणजे नोकरीची शिडीही आहे. पोलीस, तुरुंग खातं, सीमा सुरक्षा, गावागावांत घरटी एक माणूस सापडेल.

मग २०१८ च्या जुलैत राष्ट्र-राज्य कायदा आला. देश ज्यूंचा, असं लिहिलं, आणि समानता हा शब्द त्यात नाही. ४ ऑगस्टला तेल अवीवच्या राबिन चौकात हजारो लोक जमले, ड्रूझांचे पाच रंगांचे झेंडे घेऊन. मी गेलो होतो. माझ्या तुकडीतला एक जण भेटला. त्याने फक्त आपला मोडलेला गुडघा दाखवला आणि विचारलं, "हा पण दुय्यम नागरिक आहे का रे?" मी ज्यू आहे, मला उत्तर द्यायला जमलं नाही.

सगळीच पोरं मनापासून जातात असंही समजू नका. नकार देऊन तुरुंगात जाणारेही पहिल्यापासून आहेत. रामे गावचा कवी समीह अल-कासिम त्यांच्यातलाच. एकाच घरात एक भाऊ अधिकारी आणि दुसरा नकार देणारा, असंही पाहिलंय. तेव्हा जेवणाच्या पानावर "तुम्ही सैन्यात का जाता" हा प्रश्न नको.

थडग्यांवर नाव नसतं हे बरोबर. पण कर्मेलवरच्या इस्फिया गावाला ड्रूझांची लष्करी दफनभूमी आहे, तिथे दगडांवर नावं आहेत. आया तिथे येऊन बसतात.

---

सफरचंदवाला

वरचं सगळं गॅलिली-कर्मेलपुरतं खरं आहे. गोलानमधल्या ड्रूझांना यातलं निम्मं लागू नाही, आणि लोक दोन्हींची नेहमी गल्लत करतात. मी उत्तरेत शेतीखात्याशी संबंधित काम करतो, मजदल शम्सच्या बागायतदारांकडे जाणं-येणं असतं.

गोलानची चार गावं : मजदल शम्स, मसअदे, बुकअता, ऐन किनिया. १९६७ पर्यंत ही सीरिया होती. १९८१ मध्ये इस्रायलने आपला कायदा लागू केला, तेव्हा लोकांनी नागरिकत्वाची कार्डं नाकारली आणि १९८२ मध्ये काही महिने संप केला. तिथे सैन्यभरतीची सक्ती नाही. अनेकांच्या प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या जागी 'अनिश्चित' लिहिलेलं असतं. तसल्या कागदावर युरोपच्या विमानतळावर काय होतं याचे किस्से तिथली पोरं रंगवून सांगतात.

त्यांच्या आई-बापांची पिढी तारेच्या कुंपणापाशी टेकडीवर उभी राहून, भोंग्यातून ओरडून पलीकडच्या नातेवाइकांशी बोलायची. मुलं शिकायला दमास्कसला जायची. तिकडे दिलेली मुलगी कुनेत्राच्या नाक्यावरून एकदा पलीकडे गेली की परत यायची वाट जवळपास बंद. सीरियात युद्ध पेटलं आणि दमास्कसला जाणं थांबलं. आता डॉक्टर व्हायचं असेल तर पोरं जर्मनीला जातात, आणि इस्रायली नागरिकत्वासाठी अर्ज करणारेही वाढलेत. त्यावरून घराघरांत आजोबा-नातवंडांची जुंपते. मजदल शम्सच्या चौकात सुलतान अल-अत्रशचा पुतळा आहे, १९२५ च्या फ्रेंचांविरुद्धच्या उठावाचा नेता. त्याच्यापासून चार पावलांवरच्या बारमध्ये पोरं जर्मन क्रियापदं घोकत बसलेली असतात.

सफरचंदाचं मात्र सुटत नाही. चोवीस वर्षांचा पोरगा बर्लिनहून सप्टेंबरात तोडणीला येतो आणि पहिल्याच दिवशी बापाशी पाण्यावरून भांडतो. बागांमध्ये लोखंडी टाक्या दिसतात, त्या शेतकऱ्यांनी स्वतः उभ्या केल्या, पावसाचं आणि बर्फाचं पाणी धरायला.

२७ जुलै २०२४ बद्दल तिथे कुणी आपणहून बोलणार नाही. मजदल शम्सच्या फुटबॉलच्या मैदानावर रॉकेट पडलं, बारा मुलं गेली. मग २०२५ च्या जुलैत सीरियातल्या सुवैदा या ड्रूझ भागात कत्तल सुरू झाली तेव्हा शेकडो लोक कुंपण ओलांडून पलीकडे गेले, त्यात गॅलिलीतलेही होते. काहींनी आपले चुलते-मावश्या आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा पाहिल्या. प्रश्नकर्त्याच्या मित्राचेही कुणी तिकडे असू शकतात. बातम्यांचा विषय त्याने काढला तरच बोलावं.

---

नवखा_हैफाकर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून मी आज त्याला सहज विचारलं, घर कुठपर्यंत आलं. त्याने फोनमध्ये आराखडाच उघडून दाखवला. पुढचा पाऊण तास काम झालं नाही. म्हणतो, एक खोली फक्त संगणकांची करायचीय आणि गावातल्या पोरांना तिथे शिकवायचं. तेल अवीवला चांगल्या पगाराची नोकरी आलेली, सोडली. का सोडली ते विचारलं तर म्हणे शनिवारी आजीच्या हातची साजवरची (घुमटासारख्या तव्यावरची) रोटी तिकडे कोण देणार. खरं कारण आहे की चेष्टा, कळलं नाही.

आता फक्त व्यवहाराचं सांगा. कपडे काय घालू, हातात काय नेऊ, आणि लग्नात नाचावं लागतं का?

---

रात्रपाळी

चेष्टा नाही आणि पूर्ण खरंही नाही. तेल अवीवला घर घेतलं तर लग्न कुणाशी आणि कसं करणार, हा हिशोब त्याने केलाय. शिवाय तिकडे राहून आजीला भेटायला येणारे सुरुवातीला दर आठवड्याला येतात, मग ईदला येतात. आमच्या वॉर्डात अशा दोन आज्या आहेत.

कपडे : फुल पँट. हाफ पँट प्रयोगशाळेत ठेवा, तोही तिथे घालत नाही, बघालच. दीक्षा घेतलेल्या बायकांशी हात मिळवायला आपणहून हात पुढे करू नका. छातीवर हात ठेवून मान लववली की झालं. आजोबांशी हात मिळवा, तेच पुढे करतील.

नेण्यासाठी दारूची बाटली अजिबात नको, मित्र पीत असला तरी. मिठाई न्या, चांगली दोन किलो, कारण घर भरलेलं असणार. घरात शिरल्याबरोबर कडू कॉफी येईल, छोट्या कपात घोटभर. ती नाकारायची नाही. मग फळं, मग पुन्हा कॉफी, आणि मग तुम्हाला वाटेल की जेवण झालं, तेव्हा खरं जेवण येईल. लबने (घट्ट दही), ऑलिव्हचं तेल, झातर (मसाल्याची पूड), साजवरच्या पातळ रोट्या, भरलेली द्राक्षाची पानं. शाकाहारी असाल तर मित्राला आधीच सांगा, ऐन वेळी सांगितलंत तर त्याची आई रडवेली होईल. माते, म्हणजे नळीने ओढायचा पाल्याचा काढा, प्यायला बसवलं तर एकच कप आणि एकच नळी सगळ्यांत फिरते. आजारी असाल तर आधीच नको म्हणा, एकदा हातात घेतल्यावर नाही.

लग्न धार्मिक घरातलं असेल तर बायका-पुरुष वेगळे बसतील, गाणंबजावणं बेताचं. नसेल तर दबके हा ओळीतला नाच असतोच आणि तुम्हाला ओढतीलच. हाताला हात धरून ओळीत उभं राहायचं आणि शेजाऱ्याच्या पायाकडे बघायचं. ओळीच्या टोकाला रुमाल फिरवणाऱ्याच्या जवळ जाऊ नका, तो भराभर पावलं बदलतो. मधे कुठेतरी घुसा.

आणि पाकीट. आहेर रोख देतात, पाकिटावर नाव लिहितात, आणि कुणी किती दिलं ते घरात वहीत उतरवलं जातं, पुढे त्यांच्याकडच्या कार्याला तेवढं परत करायला. किती घालायचं ते मित्रालाच विचारा, तो लाजणार नाही. नवरदेवाच्या डोक्यात त्या पाकिटांचा हिशोब फरश्या आणि नळांच्या भावात चाललेला असतो.